सव्वीस घरांचे जोड

४ जून २००६, रविवार

एलिदाने अखेर मला बांधकामावर ओढून नेलंच. माझी बायको गेल्यापासून या बहिणीचं एकच पालुपद: "ओल्गाला जाऊन वर्ष झालं, हेबेर. आणखी किती दिवस भिंतींशी बोलणार आहेस?" भिंतींशी मी बोलत नाही, रेडिओशी बोलतो. पण तिच्या गृहसंस्थेला परवाना असलेला आणि फुकट राबणारा वायरमन हवा होता. असा दुसरा गाढव तिला अख्ख्या मोन्तेविदेओत सापडला नाही. वीज कंपनीत अडतीस वर्षं रोज नोंदवही लिहिली. ती सवय सुटत नाही, म्हणून ही वही.

सव्वीस घरं, सव्वीस कुटुंबं. स्वतःच बांधतात, घरटी आठवड्याला एकवीस तास, तिसरं वर्ष चालू आहे. भिंती झाल्या, स्लॅब झाले. मुकादम विल्मारला विचारलं, "यातलं एलिदाचं कुठलं?"

"ते देवालाही ठाऊक नाही, उस्ताद. सगळी पुरी झाली की चिठ्ठ्या. ऑक्टोबरात सोडत."

"आपलं कुठलं तेच माहीत नाही, तर जीव लावून काम कोण करणार?"

"म्हणूनच तर सगळे जीव लावून करतात. कुचकामी बांधलेलं आपल्याच गळ्यात पडलं तर?"

वायरिंग आजवर निबिया नावाची बाई बघत होती. चौतिशीची, मासळीच्या कारखान्यात पहाटेची पाळी, पदरात दोन मुली. तंत्रशाळेत शिकलीय, पण परवाना नाही. तपासणीच्या कागदावर सही लागते, ती माझी. चूक काढायला म्हणून तिचे चार जंक्शन बॉक्स उघडले. सापडली नाही. तिला तसं बोललो नाही. डोक्यावर बसतात.

११ जून, रविवार

१ ते ४ नंबरच्या घरांतले जोड केले. निबिया वायर ओढत होती, मी शिडीवर. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी मरणाची. बोटं आखडतात. दुपारी माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, प्यायला बसलो तर निम्मं पँटीवर सांडलं. विल्मार म्हणाला, "यंदा वर्ल्ड कपात आपला संघ नाही, नाहीतर आज इथे कुत्रं दिसलं नसतं." सगळे हसले. मीही. माणसांत बसून जेवण्याची सवय मोडली होती. मसुराचा रस्सा चांगला होता. दोनदा घेतला.

जाताना निबिया म्हणाली, "उस्ताद, मेन बोर्डांचे नकाशे कराल का? ते नीट करणारं आमच्यात कुणी नाही. जोडांचं मी बघते."

म्हटलं, "मी नकाशे काढणारा नाही. मी वायरमन आहे."

२५ जून, रविवार

हल्लीचे स्क्रू हलक्या प्रतीचे आहेत, हातात ठरत नाहीत. आज शिडीवरून पाच पडले. निबियाने पाचही मुकाट्याने उचलून दिले.

वेगळंच एक दिसलं. ३ नंबरच्या घरात काही विसरलं म्हणून परत गेलो आणि स्वयंपाकघरातला बॉक्स उघडला. जोड मीच केलेला, पण वरची टेप माझी नाही. मी टेप डावीकडून गुंडाळतो, अडतीस वर्षं. ही उजवीकडून होती.

निबियाला विचारलं. म्हणाली, "ओल आली होती. बघायला उघडला."

"मला विचारायचंस."

"तुम्ही गेला होतात."

दर वेळी मी गेल्यावर ही बाई दोन-दोन तास मागे थांबते, असं कळलं. तास तर तिचे कधीच पुरे होतात. मग थांबते कशाला?

९ जुलै, रविवार

पाऊस. बाहेरची कामं बंद, बायकांनी पिठाच्या पुऱ्या तळल्या, आवारभर तेलाचा वास. निबियाने एक पिशवी पुढे केली. प्लास्टिकचे स्क्रूवाले कनेक्टर. "यात वायर घालायची, पेचकसाने आवळायचं. पिळायला नको, टेप नको. हात दुखत नाहीत."

"माझे हात दुखतात असं कुणी सांगितलं?"

तिने पिशवी तशीच पुढे धरली.

"पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधी मी पक्कडीने जोड पिळत होतो. खेळणी तुझ्याकडे ठेव."

मी जरा मोठ्यानेच बोललो असेन. एलिदा वळून बघत होती. परतताना बसमध्ये तिने माझ्या गालावर दाढी करताना कापल्याची खूण पाहिली. म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन ये ना एकदा." ब्लेड जुनं झालं म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?

२२ जुलै, शनिवार

आता माझ्या प्रत्येक बॉक्सच्या कडेला, झाकण आणि बॉक्स दोन्हींवरून जाणारी पेन्सिलीची बारीक रेघ मारतो. झाकण निघालं की रेघ जुळणार नाही. चोर सापडेल.

एलिदाला दुकानाची यादी लिहून दिली तर म्हणते, "मुंग्या चालल्यासारखं लिहायला लागलायस. मीठ की पीठ, कळेना." चष्मा तिने बदलायला हवा.

३० जुलै, रविवार

९ नंबरच्या घरात आज बॉक्स जळाला.

गिलावा लवकर सुकावा म्हणून कुणीतरी कामाच्या तात्पुरत्या लाइनीवर हीटर लावून ठेवला होता. तासाभराने खोलीत धूर. खाली सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग, त्यावर वितळलेलं प्लास्टिक टपकत होतं. विल्मारने मेन स्विच पाडला, पिशव्या पायाने तुडवल्या. आणखी दहा मिनिटं गेली असती तर आतली दारं-चौकटी पेटल्या असत्या. भिंतीवर ताटाएवढा काळा डाग.

जोड सैल होता. सैल जोड लगेच ठिणगी उडवत नाही, ओरडत नाही, फ्यूजही उडवत नाही. आतल्या आत तापत राहतो. लोक राहायला आले असते आणि मुलं झोपली असताना हे झालं असतं तर?

विल्मारने विचारलं, "हा कुणी केलेला?"

मी म्हणालो, "केला मी. पण माझ्यामागून कुणी उघडला ते तिला विचार."

निबिया त्या काळ्या डागाकडे बघत उभी होती. चेहरा पांढराफटक. अपराध्याचा चेहरा मला ओळखता येतो.

१२ ऑगस्ट, शनिवार

मोजले. माझ्या रेघा मारलेल्या बॉक्सांपैकी एकतीस उघडलेले. एकतीस! आत सगळीकडे नवे जोड, उजवीकडून टेप. विल्मारला नेऊन दाखवले. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"उस्ताद, घरं नीट चालली आहेत ना? मग जाऊ द्या की."

"जळालं ते नीट चाललं?"

"ऑक्टोबर जवळ आलाय. तुमची सही हवीय. भांडण नको."

मला भांडण हवंय असं यांना वाटतं. मला सव्वीस घरं शाबूत हवीत. म्हटलं, सभा बोलव, नाहीतर सही विसर.

२० ऑगस्ट, रविवार

सभा झाली. बैठकीच्या खोलीत पन्नास-साठ माणसं. मी उभा राहून सगळं मांडलं: रेघा, एकतीस बॉक्स, ९ नंबर. शेवटी बोट दाखवून म्हणालो, "ही बाई माझ्यामागे तुमच्या घरांत हात घालते. तुमची पोरं जाळायला निघालीय."

एकदम गलका उठला. मग अध्यक्षांनी विचारलं, "निबिया, बॉक्स तू उघडलेस?"

"हो."

"का?"

 तिने बघितलं ते माझ्याकडे नाही, विल्मारकडे. विल्मारने मान फिरवली.

"ते सांगणार नाही," ती म्हणाली.

पुढे काय, जो तो ओरडायला लागला. तिला वायरिंगवरून काढलं. सदस्यत्व ठेवायचं की रद्द करायचं, त्यावर ३ सप्टेंबरच्या सभेत मतदान. रद्द झालं तर सोडतीत तिची चिठ्ठी नाही. तीन वर्षांचे तास पाण्यात. तिच्या दोन्ही मुली मागच्या बाकावर बसल्या होत्या. लहान मुलांना अशा सभेत आणू नये.

एलिदा बसमध्ये माझ्यापासून लांब बसली.

मी बरोबर होतो. तिने स्वतःच कबूल केलं. तरी जेवण गेलं नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर मी एकटा. १७ ते २० नंबर. मदतीला आलेले लोक वायर ओढतात, जोड सगळे माझे, झाकणं मी स्वतः लावली. निबिया आवारात फिरकलेली नाही. सहा दिवसांत चार घरं पुरी केली. पंचाहत्तर टक्के वेळ शिडीवर. बासष्टाव्या वर्षी हे करून दाखवा म्हणावं.

विल्मारला म्हटलं, आता चाचणी घे. माणसागणिक एकेक हीटर आणा, चारही घरांत दोन तास पूर्ण भार चालू दे. लोकांना दिसू दे की आता भीती नाही.

दीड तासाने १८ नंबरमध्ये झाकणावर हात ठेवला. चटका बसला.

मेन पाडला. झाकण काढलं. माझी रेघ जागच्या जागी होती, म्हणजे मधे कुणी उघडलेलं नव्हतं. डावीकडून टेप. आत जोड सैल. दोन बोटांनी ओढला तर वायर निघून हातात आली.

विल्मार दारात होता.  मला म्हणायचं होतं, वायर खराब आली असेल. ते न म्हणताच शिडी उतरलो.

२७ ऑगस्ट, रविवार

गेलो नाही. एलिदाला निरोप दिला, पोट बिघडलंय.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वायरचे तुकडे मांडले. पक्कड घेतली. सावकाश, मन लावून, दहा जोड केले. मग एकेक ओढून पाहिला.

सहा सुटले.

पुन्हा दहा. या वेळी सात.

तिसऱ्या खेपेला, आठव्या जोडाच्या वेळी मी माझ्या हाताकडे बघत बसलो. टेबलावर नुसता पडला होता. कुणी काही करायला सांगितलेलं नाही, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, जशी माणसं पैसे मोजताना करतात. किती दिवस हे चाललंय? ओल्गा असती तर तिने सांगितलं असतं. एलिदाने सांगितलंच होतं.

मग एकतीस बॉक्स डोळ्यांसमोर आले.

२९ ऑगस्ट, मंगळवार

हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. दोन दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करतोय. गप्प राहिलो तर? विल्मार बोलणार नाही, त्याला सही हवीय. १७ ते २० मधले जोड ते कनेक्टर वापरून गुपचूप बदलून टाकीन. रविवारी मतदान होईल. ती बाई स्वतःच काही बोलली नाही, त्याला मी काय करू?

आज आवारात जाऊन १८ नंबरमध्ये कनेक्टर बसवून पाहिला. पेचकस खाचेत ठरेना. वीस मिनिटं एका कनेक्टरला. खाली येऊन पायरीवर बसलो. घाम फुटला होता.

मी बोललो तर माझा परवाना जाईल. मग सहीच नाही. सही नाही तर तपासणी नाही, वीज नाही, सोडत नाही. एलिदा भाड्याच्या ओल्या खोलीत आणखी हिवाळाभर खोकत बसेल. बोललो तरी वाटोळं, न बोललो तरी वाटोळं. फरक एवढाच की न बोलल्यास वाटोळं फक्त निबियाचं.

३१ ऑगस्ट, गुरुवार

मासळीच्या कारखान्याच्या फाटकाशी दोनला उभा राहिलो. पाळी सुटली. ती रबरी बूट हातात घेऊन बाहेर आली. मला बघून थांबली.

"आता काय राहिलंय?" ती म्हणाली.

"तू बोलली का नाहीस?"

ती चालायला लागली. मी मागोमाग. "काय बोलणार होते, उस्ताद? की तुमचे जोड सुटतात? मग दुसऱ्या दिवशी परवाना कुणाचा आणायचा? जूनमध्ये पहिल्याच दिवशी कळलं होतं. विल्मारला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारा सही करतोय, तू मागून बघून घे. घेत होते."

"सगळे?"

"नऊ नंबर राहिला." ती थांबली. "त्या आठवड्यात धाकटीला ताप होता. मी लवकर गेले होते. त्या डागाकडे बघताना मला वाटलं, ही आग मी लावली."

मी म्हणालो, "तुझं घर जाईल."

"माहितीये."

"मग सांग ना त्यांना!"

"माझ्या एका घरासाठी पंचवीस घरं अडवू?" मग तिचा आवाज चढला. "आणि सांगायचं मी का? ज्याने बोट दाखवलं त्याने सांगावं ना!"

तिची बस आली. ती चढून गेली.

३ सप्टेंबर, रविवार

सभा सुरू व्हायच्या आधीच उभा राहिलो. कागदावर लिहून नेलं होतं. कागद हातात इतका फडफडायला लागला की खाली ठेवला. मग हातच वर धरला. सगळ्यांना दिसेल असा.

म्हणालो, "हा माझा हात. जळालेला जोड याने केला. निबियाने उघडलेले एकतीस बॉक्ससुद्धा याचेच. तिने उघडले नसते तर एकतीस ठिकाणी आग लागायची वाट बघत बसली असती. मी तिच्यावर जे बोललो ते खोटं होतं. बोललो तेव्हा मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला तीन महिने होते. माझ्या हाताचा एकही जोड घरांत ठेवू नका. आणि माझी सहीही घेऊ नका."

 मागून एक बाई उठली. "म्हणजे ऑक्टोबर गेला? माझी आई तोवर जगायची नाही!" कुणी म्हणालं, "तीन वर्षं घाम गाळला आणि एका हट्टी म्हाताऱ्यापायी!" एकाने विल्मारची गचांडी धरली. "तुला ठाऊक होतं!" विल्मार म्हणाला, "होतं." त्याला सोडवायला चौघे लागले. मी उभाच राहिलो. बसण्याचा हक्क नव्हता.

मतदान झालं. निबिया राहिली. एकही हात विरुद्ध नव्हता. सोडत पुढे ढकलली, कधी ते ठरलं नाही. मला घालवायचं का, हा प्रश्न निघाला तेव्हा निबिया पहिल्यांदा बोलली. "त्यांना घालवलं तर तपासणार कोण? जोड करता येत नाही, पण सैल कुठला ते त्यांना कळतं."

माझ्या बाजूने नव्हती ती. कामाच्या बाजूने होती.

७ सप्टेंबर, गुरुवार

एलिदा बरोबर आली. डॉक्टरने चालून दाखवायला सांगितलं, बोटं आपटायला सांगितली, एक वाक्य लिहायला सांगितलं. वाक्य बघून मान हलवली. म्हणाला, कंपवात. नाव मी आधीच ओळखलं होतं. गोळ्या दिल्या. परत येताना एलिदाने माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घालून घेतला, लहानपणी मी तिचा घालायचो तसा.

२४ सप्टेंबर, रविवार

तीनशे बारा बॉक्स. सगळे उघडायचे, निबियाचे धरून. ही अट बाउतिस्ताची. कंपनीतला माझा जुना सोबती. त्याच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, सही मागितली. म्हणाला, "सगळे उघडलेले बघेन, मगच. तुझ्या शब्दावर आता सही नाही, हेबेर." बरोबर बोलला. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

निबियाने वीस जणांना कनेक्टर आवळायला शिकवलं. बेकरीवाला, शिवणकाम करणाऱ्या दोघी, एक बसचालक. मी खुर्चीत बसून घर, बॉक्स, जोड, कुणी केला, कुणी ओढून पाहिला, हे वहीत टिपतो. अक्षर आता मुद्दाम मोठं काढतो, ओळीला चार शब्द. भार लावला की घरोघर फिरून झाकणांवर तळहात ठेवतो. कालपासून एकही गरम नाही.

माझ्याशी कामापुरतंच बोलतात. जेवणाच्या वेळी ताट मात्र माझ्यापुढेही येतं.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज बाउतिस्ताने तीनशे बारावा बॉक्स बघितला. त्याने आणि त्याच्या मुलाने प्रत्येक वायर ओढली. सही केली. सोडत १२ नोव्हेंबरला.

निबियाला म्हणालो, "तुझी माफी मागायची राहिलीय."

"सभेत मागितलीत की."

"तुझ्याकडे नाही मागितली."

तिने पेचकस पुसून पिशवीत टाकला. "माझं सोडा. तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा माझ्या मुली मागच्या बाकावर होत्या. पुढच्या सभेला त्या यायला तयार नव्हत्या. थोरली शाळेत कुणाशी भांडून आली. तिला जाऊन सांगा. मी सांगून तिला पटत नाही."

१२ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठ्या निघाल्या. एलिदाला २२ नंबर. रडत, हसत, बूट हातात घेऊन चिखलातून पळत गेली, साठीची बाई. माते चहाचा थर्मास विसरून गेली. जिची आई आजारी होती तिला ५. म्हातारी खुर्चीत बसून आली होती, चौघांनी उचलून आत नेली. निबियाला १४.

सगळे पांगल्यावर मी १४ नंबरला गेलो. दार उघडं होतं. निबिया सामान आणायला टेम्पोकडे गेलेली. थोरली दारातच उभी, अकरा वर्षांची, दोन्ही हात चौकटीला लावून. धाकटी आतल्या रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज घुमवून बघत होती.

मी टोपी काढली. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

ती बाजूला झाली नाही.

"तुझ्या आईने काही वाईट केलं नव्हतं. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावर ढकलली. ती खरं बोलली असती तर तेव्हाच सुटली असती. पण सगळ्यांची घरं अडतील म्हणून बोलली नाही. त्या दिवशी खोलीत सगळ्यांत शहाणं माणूस तीच होती, आणि मी सगळ्यांत मूर्ख."

ती माझ्या हाताकडे बघत होती. टोपी हलत होती. मी लपवली नाही.

"आमच्या या घरात," तिने विचारलं, "तुमच्या हातचे जोड किती आहेत?"

"एकही नाही."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या आईने स्वतः ओढून पाहिलेत. वहीत लिहिलंय."

 तिने चौकटीवरचा एक हात काढला.

"मग या आत," ती म्हणाली.